पक्के दात यायच्या आधी

मास्तर, तुमच्या अंत्ययात्रेला मी दहा हजार माणूस सांगितलंय. जळकोटच्या बाजारात सांगितलं तेव्हा पाच हजारच होतं, शिरूरला येईस्तोवर दुप्पट झालं. खरं म्हणजे होते साठ-सत्तर. त्यातलेही आठ-दहा एसटीची वाट बघत उभे होते, ते गर्दी बघून आत शिरले. पण तुमच्यासारख्या माणसाला साठ-सत्तरात कसं पोचवायचं? माझ्या तोंडाला ते पटेना.

तुमचा जन्म कुठला, पलटणीत किती वर्षं होतात, सत्कार कुठं कुठं झाले, हे ज्यांना नीट ठाऊक आहे ते लिहितीलच. माझ्या हातात आकडा दिला की तो फुगतो. मला एकच गोष्ट लिहायची आहे आणि ती न फुगवता लिहायची आहे. जमतंय का बघतो.

वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी टाकतो, तुम्ही मनावर घेऊ नका. किसन मास्तर म्हणजे शिरूर अनंतपाळ भागातल्या आमच्या सात माणसांच्या बँडाचे मास्तर. पलटणीच्या बँडातून कॉर्नेट शिकून आलेले. कॉर्नेट म्हणजे दीड वितीचा, तीन खुंट्यांचा पितळी बाजा. आणि मी माधव, ह्या बँडात मोठा ढोल वाजवणारा.

तुमचे आजोबा गावकीचं म्हणून दारोदार वाजवायचे आणि उंबऱ्याबाहेर भाकर घ्यायचे. धम्मदीक्षा झाली तसं तुमच्या वडिलांनी ते वाजवणं सोडलं. म्हणून तुम्ही बँड काढायचं म्हणालात तेव्हा आधी तेच चिडले. "सोडलेलं परत धरतोस का?" तुम्ही त्यांच्यापुढं नोटेशनची वही उघडली. "हे वाचून वाजवायचं असतंय, बाबा. आणि बसायला खुर्ची, पंगतीत पान, तरच जायचं. न्हाईतर न्हाई." वडिलांनी वही उलटीसुलटी बघितली आणि म्हणाले, "खुर्ची आधी मागत जा. वाजवून झाल्यावर कोण देत न्हाई." इकडं आमचा बा शेतकरी गडी. पोरगा तुमच्या हाताखाली ढोल वाजवणार म्हणल्यावर तो नांगराचं रुमणं घेऊन माझ्या मागं सहा कोस पळाला, असं मी सांगत असतो. गोठ्यापर्यंतच आला होता.

लेकराला पितळी बाजा कधी द्यायचा, ह्यावर आपण दोघं जन्मभर भांडलो. कुणी दाराशी पोरगं आणलं की तुम्ही त्याचं नाव नंतर विचारायचात, आधी तोंड उघडायला लावायचात. वरचे पुढचे चार दात पडून पक्के आलेत का, येऊन घट्ट बसलेत का, बोटानं हलवून बघायचात. बाजारात बैल बघतात तसं. नसले तर पोरगं गाण्यात. वर्ष-दोन वर्षं नुसतं गायचं, टाळीवर चालायचं, कागदाचा कपटा भिंतीला लावून फुंकरीनं धरून ठेवायचा. दात बसले की मग ओठ फुरफुरवायचे, घोड्यासारखे. मग माउथपीस, म्हणजे ओठाला लागणारा वाटीसारखा तुकडा, तेवढाच. आणि एवढं सगळं होऊन बाजाची पाळी आली, तर तो हातात मिळायचा नाहीच. तुम्ही तो बाभळीच्या फांदीला सुतळीनं टांगायचात. पोरानं हात पाठीमागं धरून उभं राहायचं आणि नुसत्या ओठांनी वाजवायचं. जरा दाबलं की बाजा झुलून लांब जायचा.

"पितळ ओठाला टेकलं पाहिजे, ओठावर बसलं नाही पाहिजे," तुम्ही म्हणायचात.

"वासरू उपजलं की तासाभरात उभं राहतंय," मी म्हणायचो, "आणि तुम्ही माणसाच्या लेकराला नऊ नऊ वर्षं बसवून ठेवायलात."

"वासराला कॉर्नेट वाजवायचा नसतो, माधवराव."

"मी चार वर्षांचा असताना ढोल बडवत होतो."

"म्हणून तर ढोलावर राहिलात."

मग तो दुष्काळ आला. आमच्या विहिरीत वाकून हाक मारली तर परत येणारा आवाजही धूळ झटकत वर यायचा, असं मी त्या सालाबद्दल सांगतो, आणि ह्यात फार वाढवलेलं नाही. लग्नं थांबली. बँडाला कोण बोलावतंय? आपण सगळे सरकारी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलो. तुमचा डगला खुंटीला, पण कॉर्नेट काही तुम्ही घरी ठेवला नाहीत. पेटीत घालून कामावर आणायचात आणि दुपारच्या सुट्टीत कोरड्या फडक्यानं पुसायचात, कारण धुवायला पाणी नव्हतं. बायामाणसांची लेकरं तिथंच धुळीत खेळायची. तुम्ही त्यांना बाभळीखाली बसवलंत आणि गाणी घ्यायला लागलात. माझी रत्ना त्यात होती. सहा वर्षांची. वरचे पुढचे दोन दात नुकतेच पडलेले.

एका दिवशी बांधकामाचा मोठा साहेब जीपमधून आला. पोरांकडं बघून मुकादमाला म्हणाला, "हे काय आहे?" मुकादम काही बोलायच्या आत मी पुढं झालो. "बँडची शाळा आहे, साहेब. माझी पोरगी तर पितळी बाजा वाजवते." असं मी का म्हणालो? काही कारण नव्हतं. साहेबाचा चेहरा जीपमधून उतरल्यापासून कोरा होता आणि मला तो हललेला बघायचा होता. हलला. साहेब म्हणाला, "एवढीशी? पुढच्या बुधवारी येतो. ऐकव."

तुम्ही तेव्हा लांब, दुसऱ्या टोकाला होतात. तुम्ही ऐकलं नाहीत.

हातात आठ दिवस होते. दुपारी भाकर खाल्ली की तुम्ही टोपी तोंडावर टाकून घटकाभर झोपायचात. तेवढ्या वेळात मी पेटीतून कॉर्नेट काढायचो आणि रत्नाला खडीच्या ढिगामागं न्यायचो. पोरीच्या तोंडात मधोमध खिडकी पडलेली, वारा सगळा तिथनंच जायचा. मग मी बाजा डावीकडं सरकवला, जिथं एक दात होता. तरी सूर येईना. मग मी एका हातानं तिच्या मानेला मागून धरलं आणि दुसऱ्या हातानं बाजा तिच्या ओठावर दाबला. आला सूर. रेडकू हंबरावं तसा, पण आला. मला इतका आनंद झाला की मी आणखी दाबला. हिरडीला रक्त आलं तेव्हा तिला म्हणलं, दात येताना येतंच. आठव्या दिवशी ती बाजा आपल्याच हातांनी दाबायला शिकली होती. माझी गरज उरली नाही.

बुधवारी साहेब आला. रत्नानं चार सूर वाजवले, वर गेलेले तसेच खाली आणले. साहेब हसला आणि खिशातलं पेन काढून तिला दिलं. बाहेर सांगताना मी त्या पेनाचं घड्याळ करतो. खाली बसलेल्या बायका हातोड्या ठेवून बघायला लागल्या, आणि त्यांच्या मागून तुम्ही आलात. तोंडाला सगळी खडीची भुकटी. तुम्ही रत्नापुढं उकिडवे बसलात.

"कुणी शिकवलं गं?"

तिनं तोंड उघडायच्या आत मी बोललो. "कुणीच न्हाई, मास्तर. तुमच्या पेटीतनं काढला आणि वाजवला. आपोआप आलंय."

रत्ना माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही.

गावात माझं कुणी खरं धरत नाही. पाऊस पडतोय म्हणलं तरी माणूस उठून हात बाहेर काढून बघतो. तुम्ही एकटे असे होतात की मी काहीही सांगावं आणि तुम्ही "असं?" म्हणावं. पलटणीत खोट्याला शिक्षा असते, त्यामुळं तुम्हाला ते ओळखायची सवयच लागली नसावी. त्या दिवशी तुम्ही "असं?" म्हणालात, आणि भुकटीतून दोन ओल्या रेघा खाली आल्या. "मी इतकी वर्षं जे म्हणून राहिलो, ते सगळ्यांना लागू न्हाई म्हणायचं, माधवराव. कुणाला असं येतंबी."

आपलं जन्माचं भांडण मी त्या दिवशी जिंकलो. ढोलाच्या बाजूचा माणूस पहिल्यांदा जिंकला. मी त्या रात्री कामावरच्या सगळ्यांना ते सांगत सुटलो.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही तिला शिकवायला घेतलंत. सूर, ताल, नोटेशन, सगळं दिलंत. फक्त तिच्या तोंडाला बोट लावलं नाहीत. बाकीची पोरं हात पाठीमागं धरून टांगलेला बाजा वाजवत होती, रत्नाला तेवढं माफ होतं. मीच एकदा विचारलं, हिला का नाही टांगत? तुम्ही म्हणालात, "हे तोंड तिचं तिनं शोधलंय. निसर्गानं बसवलेल्या गोष्टीला मी हात घालावा एवढा मोठा न्हाई." मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की काय सांगू. निसर्ग म्हणजे मीच होतो ना.

त्या दिवशी "निसर्ग न्हाई, मी" एवढं म्हणलो असतो, तर तुम्ही मला चार शिव्या घातल्या असत्या, बाजा काढून घेतला असता, तिला दोन वर्षं गाण्यात बसवलं असतं आणि दात आल्यावर ते वेडंवाकडं तोंड महिन्याभरात सरळ केलं असतं. मी दुसऱ्या पोरांची सरळ होताना बघितलेली आहेत. महिना लागायचा. फार तर दोन.

रत्ना मोठी झाली, तसं तिचं वाजवणं मोठं झालं आणि तुमचा कॉर्नेट तिच्याकडंच राहायला लागला. जयंतीच्या मिरवणुकीत परकर-पोलक्यातली पोरगी पुढं आणि आपण सहा बाप्ये मागं. तिचा वरचा सूर लागला की उदगीरच्या म्हशी कान टवकारायच्या असं मी म्हणायचो आणि कुणी हसायचं नाही, कारण ऐकलेलं असायचं. तुम्ही बाजूनं चालताना वहीकडं न बघता तिच्याकडं बघायचात. पण तिच्या वरच्या ओठावर, डावीकडं, वाटीच्या कडेएवढी एक पांढरी रेघ उमटत चालली होती. वाजवून झालं की ती ओठ तळहातानं झाकायची. चौदाव्या वर्षी तिच्या बाजाचा आवाज वर बारीक व्हायला लागला. ती आणखी दाबायची.

तेव्हा तुम्ही एकदा आमच्या शेताच्या बांधावर आलात. जवळ बसलात, बराच वेळ गवताची काडी मोडत राहिलात. मग म्हणालात, "माधवराव, एक विचारू? रत्नाला ते खरंच आपोआप आलं होतं ना?"

मास्तर, एवढा सोपा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नाही. दार तुम्ही उघडून धरलं होतं, मला नुसतं आत यायचं होतं. आणि मी काय केलं? मी म्हणालो, "अहो, ती पाळण्यात होती तेव्हा दुधाच्या वाटीत फुंकायची, तेव्हासुद्धा सुरात फुंकायची. तिच्या आईला विचारा." मग मी ती वाटी कशी होती, कोणता सूर यायचा, शेजारची म्हातारी ऐकायला कशी यायची, सगळं सांगितलं. तुम्ही हसलात. काडी टाकली. "असं? मग ठीक हाय," म्हणालात आणि उठून गेलात. तुमचं ते "ठीक हाय" मला अजून ऐकू येतं.

मग लातूर जिल्हा झाला. त्या दिवशी आपल्या बँडाला लातुरात बोलावणं होतं, सकाळपासून. लोकं गुलालात न्हाऊन निघालेले. आम्ही उस्मानाबादच्या कचेरीचे उंबरे झिजवून कंटाळलेली माणसं, त्यामुळं ढोलावर माझा हात थांबतच नव्हता. चौकाचौकात एकच फर्माईश, पोरीला वाजवू द्या. ती वाजवत राहिली. दुपार टळल्यावर एका वळणावर तिनं बाजा तोंडाला लावला आणि नुसता वारा आला. परत लावला. नुसता वारा. तिनं खाली केला तेव्हा वाटी लाल होती. ती लोकांना वाटली गुलालानंच.

डॉक्टरांनी सांगितलं, वर्षानुवर्षं दाबून ओठ आतून जायबंदी झालाय, दातही आत सरकलाय. दोन वर्षं फुंकायचं नाव नाही, मग बघू. एवढ्या लहानपणी बाजा कुणी दिला, असंही त्यांनी विचारलं. तुम्ही पुढं झालात. "मी," म्हणालात.

मी तिथं खुर्चीवर बसलेलो होतो, मास्तर. माझं तोंड शाबूत होतं.

गावात बोलणं फिरायला वेळ लागला नाही. मास्तरानं दुधाच्या दातात पितळ लावलं, पोरीचं तोंड बिघडवलं. ज्यांची पोरं तुम्ही दात बघून परत पाठवली होती, ते लोक जास्त बोलले. लातुरातल्या एका शाळेला बँड शिकवायला माणूस हवा होता. नव्या जिल्ह्यात पहिला बँड आपल्या पोरांचा, म्हणून तुम्ही वही नव्यानं उतरवून काढली होती. त्यांच्यापर्यंत हे बोलणं गेलं आणि त्यांनी दुसरा माणूस घेतला. मी तुमच्या ओसरीवर येऊन तुमच्या बाजूनं लई मोठमोठ्यानं बोललो. शाळेला शिव्या घातल्या, गावाला शिव्या घातल्या. तुम्हीच मला गप्प केलंत. "लोकं खरं म्हणतात. नियम माझा होता. मोडला मी." त्यानंतर तुम्ही एकाही पोराला बाजा दिला नाहीत. पक्के दात आलेल्यांनासुद्धा नाही. दारावर आलेलं लेकरू तुम्ही नुसत्या हातानं परत पाठवायचात, तोंडही उघडायला न लावता.

मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. किती वेळा चप्पल घालून निघालो. तुमच्या ओसरीपर्यंत यायचो, तुम्ही "या" म्हणायचात आणि माझ्या तोंडातून एखादी गोष्ट निघायची. तुम्ही हसलात की मला वाटायचं, आज राहू दे, आज बरे दिसायलेत. मग तुम्ही विष्णुपुरीला लेकीकडं गेलात, जावई तिथं धरणाच्या कामावर. मी ठरवलं, परत आले की पहिल्या दिवशी. नांदेडहून जीप आली तेव्हा मी फाट्यावर उभा होतो. जीपमध्ये तुम्ही आडवे होतात.

तुमच्या मागं झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोकांनी मला बोलायला उठवलं. माधवरावांइतकं मास्तरांना कोण ओळखतंय, म्हणाले. मी उठलो आणि खुर्चीची, पंगतीची, रुमण्याची गोष्ट सांगितली. लोक हसले. वहिनीसुद्धा थोड्या हसल्या. मी खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी रत्ना तुमचा कॉर्नेट परत द्यायला तुमच्या घरी निघाली. तो शेवटपर्यंत तिच्याकडंच होता, तुम्ही मागितला नाहीत. मी तिच्यासोबत आलो. वहिनींनी चहा दिला. बाजाची पेटी मधे ठेवलेली. मी म्हणालो, "वहिनी, पोरीचं तोंड मास्तरांनी बिघडवलं न्हाई. मी बिघडवलं." आणि सगळं सांगितलं. साहेब, बुधवार, खडीचा ढीग, मागून धरलेली मान. पेन पेनच ठेवलं. एक अक्षर वाढवलं नाही, मास्तर. सांगताना मला माझाच आवाज ओळखू येत नव्हता.

वहिनींनी पदर डोळ्याला लावला. "भाऊजी, त्यांच्यासाठी एवढं रचून आणलं तुम्ही. त्यांच्यावरचा ठपका आपल्या अंगावर घेऊन राहिलात. उपकार झाले."

"वहिनी, खरं हाय हे."

"हाव. लोकांनाबी असंच सांगा. ऐकायला पटतंय."

मी आणखी बोलायला गेलो आणि मला कळेना, खरं खरं वाटावं म्हणून माणूस काय करतो. मला ते काम कधी पडलंच नव्हतं.

"खरं हाय, काकू," रत्ना म्हणाली.

वहिनी तिच्याकडं वळल्या. "तुला ठाऊक होतं?"

"हाव."

"दहा वर्षं? त्यांना का बोलली न्हाईस गं? डॉक्टरापुढं त्यांनी सगळं अंगावर घेतलं, तवा तरी?"

रत्ना पेटीच्या कडीशी चाळा करत होती. मला दादा म्हणणारी सतरा वर्षांची पोरगी, पण सांगितलं ते सहा वर्षांच्या पोरीनं. "दादा म्हणले होते, मास्तरांना सांगू नको. त्या ढिगामागं." मग म्हणाली, "सांग, असं परत कधी म्हणलेच न्हाईत."

मला हे म्हणल्याचं आठवत नाही, मास्तर. म्हणालोच असणार.

वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. वाकल्या आणि माझ्यापुढची कपबशी उचलून आत घेऊन गेल्या. त्यात अर्धा चहा तसाच होता.